रोवणी नव्हे, कापणी

गोंदियाकडच्या सौंदडला धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायांची टोळी बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या चिखलाच्या शेतात, उतरली, की रांगेचं उजवं टोक देवकाबाई मेश्राम यांचं असे. हे कोणी ठरवून दिलेलं नव्हतं. टोकाची बाई ज्या रेषेत मागे सरकते, त्याच रेषेत बाकीच्या अकरा जणी सरकतात, म्हणून टोकाला नेमकी बाई लागते. कमरेत वाकायचं, डाव्या हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, जुडी धरायची, उजव्या हाताने चिखलात रोप खोचायचं आणि एक पाऊल मागे घ्यायचं. पुन्हा रोप, पुन्हा मागे पाऊल. लावलेलं रोप डोळ्यांसमोर राहतं आणि पाय मोकळ्या चिखलात पडतो. धान लावणारी बाई पुढे चालली, तर तिचंच रोप तिच्या पायाखाली जाईल.

देवकाबाई बाराव्या वर्षापासून अशा उलट्या चालत आल्या होत्या. त्यांच्या रांगेतलं रोप तरंगून वर आलं, अशी तक्रार एकाही शेतकऱ्याने कधी केली नाही. नवरा सेवकराम २००३ साली वारला. जमीन नव्हती. मुलगा संघदीप गोंदियाला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकला आणि उरणजवळ जहाजाच्या पेट्या ठेवायच्या एका यार्डात कामाला लागला. २०१० च्या ऑगस्टमध्ये सून रचना बाळंत व्हायची होती. रोवणी आटोपली आणि तिसऱ्या दिवशी देवकाबाई पाच किलो तांदूळ आणि लाखोळीची डाळ घेऊन विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसल्या. समुद्र त्यांनी तोपर्यंत पाहिला नव्हता.

संघदीपची खोली कोळीवाड्यात होती. घरमालकीण चांगुणाबाई, वय पन्नाशीचं, नवरा नाही. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की ती ओहोटीच्या वेळी किनाऱ्याच्या खडकांवर जाई आणि लहानशा कोयत्याने कालवं सोलून आणी. तिची आई त्याच खडकांवर बसे. खडकांच्या आत वाळूची एक लहानशी खाच होती, तिला चांगुणाबाई 'माझी बेची' म्हणे. सगळ्यात भरलेली कालवं तिथल्या दगडांवर मिळत.

पहिल्याच दिवशी देवकाबाई म्हणाल्या, "मी बी येतो तुमच्यासंगं पाह्याले."

चांगुणाबाई हसत सुटली. "बाईमाणूस ना गो तू? मंग 'येतो' काय बोलतेस?"

"आमच्याकडं बाया बी येतो म्हनतेत अन् मानसं बी येतोच म्हनतेत. यायचं ठिकान एकच, मंग बोलनं कायले दोन?"

"आणि घरात हाक आली तर बाईनं जायचं का बाप्यानं, हे कसं कळतं?"

"ज्याले जायाचं नसते त्याले बरोबर कळते."

त्या दिवशी दोघी खडकावर बसल्या. चांगुणाबाईने एक कालव उघडून देवकाबाईंच्या हातावर ठेवलं. देवकाबाईंनी ते गिळलं आणि म्हणाल्या, की आमच्या बांधीतल्या गोगलगाईपेक्षा बरं आहे, पण मीठ जास्त झालं.

त्याच आठवड्यात मुंबईच्या बंदराबाहेर दोन जहाजं एकमेकांवर आदळली. संघदीपने कामावरून येऊन सांगितलं, की एक जहाज कलंडलं आहे, पेट्या समुद्रात पडताहेत आणि तेल गळतंय. देवकाबाईंना आधी कळलं नाही. तेल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे जवसाचं तेल येई. दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर वास आला. ओहोटी लागली तेव्हा वाळूवर डांबरासारखा काळा पट्टा होता, आणि तो वाकडातिकडा चांगुणाबाईच्या बेचीपर्यंत गेला होता. खडकांवर अजून चढला नव्हता. त्या संध्याकाळी चांगुणाबाईने चूल पेटवली नाही. दगडाला एकदा तेल बसलं, की पुढचं सगळं वर्ष गेलं, इतकंच ती बोलली.

सकाळी किनाऱ्यावर माणसं जमली. कॉलेजची मुलं, शाळेचे मास्तर, काही संस्थांचे लोक. नारिंगी जाकीट घातलेली एक तरुण मॅडम भोंग्यावरून सूचना देत होती. तिने समुद्राचाच अभ्यास केलेला होता. नाव लिहिल्याशिवाय कोणी कामाला लागायचं नाही. हातमोजे आणि गमबूट सगळ्यांना. लहान मुलं आणि गरोदर बाया घरी. डोकं दुखलं, मळमळलं, तर लगेच बाजूला होऊन सांगायचं. खणायचं नाही, वरचा थर तेवढा उचलायचा. पिशवी अर्धीच भरायची, नाहीतर फाटते. तिवरांच्या झाडीत कोणी शिरायचं नाही. तेलाने माखलेला पक्षी दिसला तर धुवायला जायचं नाही, हाक मारायची. भोंगा वाऱ्यात विरत होता आणि मॅडम शुद्ध मराठीत भराभर बोलत होती. मागे उभ्या असलेल्या देवकाबाईंना अर्धं ऐकू आलं. जे वाक्य ऐकू यायला हवं होतं, ते नेमकं वाऱ्याने नेलं.

नाव लिहिणाऱ्या मुलाने विचारलं, "मावशी, कोणतं काम जमेल?"

"चिखलातलं कोनतंबी."

त्यांना वीस मुलामुलींबरोबर बेचीच्या बाजूला पाठवलं. चांगुणाबाई पिशव्या बांधायला वरच्या अंगाला बसली. मुलांच्या हातात सुपल्या होत्या आणि सुरुवात कुठून करावी ते कोणालाच समजत नव्हतं. देवकाबाईंनी लुगड्याचा काष्टा मारला, टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या. सुपलीने वरचा थर अलगद उचलून घमेल्यात टाकला. एक पाऊल मागे. पुन्हा थर, पुन्हा पाऊल मागे. अर्धा तास झाला तरी त्यांनी पाठ सरळ केली नाही. पोरं थक्क झाली.

"मावशी, कंबर नाही का दुखत?"

"दुखते न. दुखू द्याची. बोलू नका, माह्याकडं पाहून चाला."

मुलं त्यांच्याकडे पाहून चालू लागली. वीसच्या वीस जणांची रांग सुतासारखी सरळ झाली आणि सगळे मिळून मागे सरकू लागले. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, की सगळ्या किनाऱ्यावर शिस्तीचं काम एवढंच चाललं आहे.

तासाभराने मॅडम तिथे आली आणि हात वर करून म्हणाली, "थांबा. सगळे आहात तिथेच थांबा. असं करायला कोणी सांगितलं?"

सगळ्यांनी देवकाबाईंकडे पाहिलं.

मॅडमने समोरच्या, साफ झालेल्या वाळूकडे बोट दाखवलं. तीस पावलांच्या त्या पट्टीवर गमबुटांचे ठसे होते. एकेका हाताच्या अंतरावर, ओळीत, बांधीत रोपं लावावीत तसे. प्रत्येक ठशाच्या तळाशी काळं तेल होतं. मागे सरकताना प्रत्येकाचा पाय न उचललेल्या तेलात पडला होता, आणि अंगाच्या भाराने ते तेल वाळूत वीतभर खाली गेलं होतं. वरचं तेवढं मागाहून उचललं गेलं होतं.

"मावशी, खाली गेलेलं तेल आता उचलता येत नाही," मॅडम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिथे खणलं तर आणखी खोल जाईल. भरती आली की थोडं थोडं वर येत राहील. आज, उद्या, कदाचित वर्षभर."

देवकाबाईंनी वर पाहिलं. चांगुणाबाई पिशवी हातात धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मंग कसं चालाव?" देवकाबाईंनी विचारलं.

"पुढे. साफ झालेल्या जागेवर उभं राहायचं आणि समोरचं उचलत पुढे जायचं. पाय तेलात जाताच कामा नये."

देवकाबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "म्हंजे कापनी." धान कापणारी बाई कापलेल्या धसकटांवर उभी असते आणि उभ्या पिकाकडे सरकते. त्या पोरांकडे वळल्या. "रोवनी नाही बाप्पा, कापनी आहे हे. माह्यी चूक झाली. सारे इकडून बाहेर निघा, आपल्याच पावलावर पाय देत. अन् त्या कोरड्या अंगानं सुरू करा."

त्या चार दिवस कामाला गेल्या. खडकांवर तेल चढू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमला विचारलं, की आमच्याकडे तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग पडून असतात, ते टाकलं तर तेल पिणार नाही का. मॅडम म्हणाली, पिईल, पण मोकळं टाकलं तर समुद्रभर पसरेल आणि तेलासकट वेचत बसावं लागेल, जाळ्यात भरून बांधलेलं असेल तरच उपयोग. तिसऱ्या दिवशी डोकं गरगरलं, तेव्हा त्यांनी ते अंगावर काढलं नाही. नियमाप्रमाणे बाजूला होऊन पिशव्या बांधत बसल्या.

पाचव्या दिवशी रचनाला मुलगी झाली. खुशी नाव ठेवलं. दवाखान्यात नर्सने पोर पुढे केलं, तेव्हा देवकाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. साबण लावून, खसाखसा घासूनही नखांच्या कडांना वास होता. पहिल्या नातीला त्यांनी दोन दिवस फक्त पाहिलं.

सप्टेंबरमध्ये त्या परत निघाल्या. खडकांवरचं कालव वाचलं होतं, पण बाजारात कोणी घेत नव्हतं. बेचीतल्या दगडांवरच्या कालवांना रॉकेलसारखा वास लागला होता. दर ओहोटीला त्या तीस पावलांच्या पट्टीतून पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी साय येई. निघायच्या आदल्या दिवशी देवकाबाई तिथे उभ्या राहून ती साय पाहत होत्या. चांगुणाबाई मागून आली.

"तू मुद्दाम नाय केलंस गो," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण दगडाला ते कसं कळावं?"

सौंदडला आल्यावर देवकाबाईंनी समुद्राच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. लाटा सांगितल्या, वाहून आलेल्या पेट्या सांगितल्या. बेचीची गोष्ट कोणाला सांगितली नाही. टोळीतल्या धुरपताबाई, ज्यांच्या तोंडाला अख्खा गाव टरकून असे, त्यांना मात्र संशय होता. "सगरं सांगते, पन काम काय केलं ते सांगत नाही. नुसती हवा खाल्ली का तिकडं?" देवकाबाई हसून दुसरं बोलत.

चार वर्षं गेली. २०१४ च्या डिसेंबरात, धान घरी येऊन तणसाचे ढीग लागले होते, तेव्हा एका सकाळी महामार्गाच्या वळणावर भट्टीचं काळं तेल नेणारा टँकर उलटला. तेल रस्त्याकडेच्या नालीतून थेट गावतलावाकडे वाहिलं. तलावावर बारा ढिवर कुटुंबांचं पोट होतं. पावसाळ्यात सोडलेलं मत्स्यबीज वाढून आता हातभर झालं होतं आणि जानेवारीत जाळी पडणार होती. ढिवरांचा म्होरक्या केवलराम तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, उभा होता. नालीच्या तोंडाशी पाणी काळं झालं होतं, आणि तो काळा डाग हळूहळू मोठा होत होता.

पोलिसांनी रस्ता अडवला होता. टँकरमधून गळणं थांबलं होतं. जिल्ह्याचं पथक दुपारपर्यंत येणार होतं. गावच्या बाया घमेली घेऊन धावत आल्या. धुरपताबाई सगळ्यांच्या पुढे. तलावाच्या काठच्या ओल्या मातीवर तेलाचा जाड थर बसला होता. आणखी वेळ गेला तर तोही पाण्यात उतरणार होता. बायांनी पदर खोचले, सवयीने रांग धरली, कमरेत वाकल्या आणि पहिलं पाऊल मागे घ्यायला एकदम उचललं.

"पाय ठेवू नका," देवकाबाई पाळीवरून ओरडल्या. "जेथं आहा तेथंच राहा."

बाया थांबल्या. धुरपताबाई वाकलेल्याच म्हणाल्या, "काऊन वो? मुहूर्त पाहून राहिली का?"

देवकाबाई खाली उतरल्या. एवढ्या वर्षांत जे सांगितलं नव्हतं, ते त्यांनी तिथे चार वाक्यांत सांगितलं. मी अशीच चाललो होतो. वीस पोट्टे माह्यामागं चालले. एका बाईची जागा मी पायानं गाडली. ते तेल अजून निघून राहिलं आहे.

धुरपताबाईंनी उचललेला पाय होता तिथेच परत टेकवला.

"म्हंजे कापनीवानी चालाव," त्या म्हणाल्या.

"कापनीवानीच. पन उघड्या हातानं नाही."

देवकाबाई हवालदाराकडे गेल्या आणि आमची नावं लिहून घ्या म्हणाल्या. तो म्हणाला, "बाई, यहाँ शादी का रजिस्टर चालू है क्या? मागे व्हा." त्या हलल्या नाहीत. हातमोजे पाहिजेत, जाड थैल्या पाहिजेत, काठावर कोणी बिडी पेटवली तर आधी त्याला उचला, हे त्यांनी एका दमात सांगितलं. हवालदाराने वैतागून तहसीलच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी फोनवर जे सांगितलं, ते शब्दन् शब्द तेच होतं. फोन ठेवून त्याने खिशातून वही काढली. उपकेंद्राच्या नर्सने हातमोज्यांची पेटी दिली, राईस मिलमधून जाड थैल्या आल्या. तान्हं पोर कडेवर घेऊन आलेल्या दुर्गाला देवकाबाईंनी रागावून घरी पाठवलं.

पाण्यावरच्या डागाचा प्रश्न राहिला. वाऱ्याने तो तलावाच्या पोटाकडे सरकत होता. देवकाबाई केवलरामला म्हणाल्या, "तुझे जाळे दे. त्याच्यात तनीस भरून लांब वळकटी करू, अन् नालीच्या तोंडापुढं इकडून तिकडं आडवी बांधू. तेल तनसीले धरते."

"जाळं मंग कामाचं राह्यल का?"

"नाही राहनार. तेलाचं झालं की फेकाच लागते."

"दोनच मोठे जाळे आहेत माह्यापाशी," केवलराम म्हणाला. "ते गेले तं मासा कायनं धरू?"

"मासाच नाही राह्यला तं जाळं कायले धरशीन?"

केवलरामने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यातलं एक जाळं त्याच्या बापाने विणायला घेतलं होतं आणि त्याने पुरं केलं होतं. तो घरी गेला. तो परत येईल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. अर्ध्या तासाने तो दोन्ही जाळी खांद्यावर टाकून आला आणि तणसाच्या गाडीपाशी बसून गाठी सोडू लागला.

पुरुषांनी तणीस भरली, ढिवरांनी डोंग्यातून, आपल्या छोट्या होडीतून, वळकटी आडवी नेली आणि पलीकडच्या बाभळीला बांधली. काठावर बाया पुढे सरकत होत्या. साफ झालेल्या मातीवर पाय, समोर सुपली. सवय मोडत नव्हती. मधूनच एखादीचा पाय मागे जाई आणि धुरपताबाई तिचं नाव घेऊन, सासरमाहेरसकट, तिला जागेवर आणत. दुपारी अडीचला पथक आलं. त्यांच्यापाशी खरे तरंगते पट्टे आणि पंप होते. त्यांच्यातल्या वयस्क माणसाने तणसाची वळकटी हाताने दाबून पाहिली आणि विचारलं, की हे कोणी सांगितलं. केवलरामने देवकाबाईंकडे बोट केलं.

सगळं वाचलं नाही. नालीच्या कोपऱ्यातला मासा दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगला. पाण्याची तपासणी होईपर्यंत मासेविक्री बंद ठेवावी लागली आणि जानेवारी तसाच गेला. फेब्रुवारीच्या शेवटी परवानगी मिळाली. केवलरामची जाळी तेलकट थैल्यांबरोबर पथकाच्या गाडीत गेली. त्याने लोकांची जाळी मागून मासे धरले. पण काठच्या मातीतून पुढे कधी तेलाची साय आली नाही. देवकाबाई तीन महिने रोज सकाळी जाऊन पाहत होत्या.

मार्चमध्ये त्यांनी संघदीपच्या फोनवर चांगुणाबाईला बोलावून घेतलं. तलावाचं सगळं सांगितलं. चांगुणाबाई शेवटी म्हणाली, "बरं झालं गो. ढिवर म्हणजे आमच्यातलेच."

"तुमची बेची कशी आहे?"

"खडकावरची कालवं चांगली येतात आता. लोक घेतात. बेचीत अजून नाय बसत मी."

देवकाबाईंनी बरं म्हटलं. मग खुशीने फोन ओढून घेतला आणि आजीला शाळेतलं गाणं ऐकवलं.

त्या वर्षीच्या जुलैमध्ये टोळी पुन्हा बांधीत उतरली. उजवं टोक देवकाबाईंचं होतं. त्या वाकल्या, पहिलं रोप खोचलं, आणि पाऊल मागे घेण्याआधी मान वळवून मागे पाहिलं. अकरा जणी थांबून राहिल्या.

"मांगं काय पाह्यतेस वो?" धुरपताबाई म्हणाल्या. "सासू आली का तुह्यी?"

"पाय कोठं पडते ते पाह्यतो."

"चिखलातच पडते. चाल."

देवकाबाईंनी पाऊल मागे टाकलं आणि रांग सरकली. पुढे जितकी वर्षं त्यांनी रोवणी केली, तितकी वर्षं प्रत्येक बांधीत पहिल्या पावलाआधी त्यांची मान अशीच मागे वळे, आणि तोवर बाकीच्या जणी जुड्या हातात धरून उभ्या राहत.